देशभर स्वयंसेवेची घडी कशी बसवायची: व्याख्येपासून विम्यापर्यंत

मार्च 2020 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने घरात अडकलेल्या आजारी आणि वृद्ध लोकांच्या मदतीसाठी अडीच लाख स्वयंसेवक हवेत, असं आवाहन केलं. काही दिवसांतच साडेसात लाख लोकांनी नावं नोंदवली आणि अर्ज तपासायला वेळ मिळावा म्हणून नोंदणी थांबवावी लागली. पुढचे कित्येक आठवडे यातल्या पुष्कळांच्या फोनवर एकही काम आलं नाही. लोकांची तयारी होती, गरजूही होते. दोघांची गाठ घालून देणारी माणसं मात्र तेवढ्या वेगाने उभी राहिली नाहीत.

बहुतेक राष्ट्रीय योजना इथेच अडखळतात. स्वयंसेवकाचा वेळ फुकट मिळतो म्हणून सगळं फुकटात होईल असं धरून चालतात. समन्वयकाचा पगार, विमा, प्रवासखर्च, प्रशिक्षणाची जागा, तक्रार ऐकणारं कोणीतरी, या सगळ्याला पैसे लागतात आणि ते कोण देणार हे आधी ठरलेलं नसतं. धोरणाचा मसुदा लिहिणारे अधिकारी, अनेक प्रांतांत काम असलेल्या संस्था आणि त्यांचे महासंघ यांच्यासाठी हा क्रम मांडला आहे. एकट्या संस्थेला पायरी 3, 4 आणि 6 पुरतील.

पायरी 1: कोणाला स्वयंसेवक म्हणायचं ते लिहून काढा

व्याख्या नव्याने शोधत बसू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली 2013 मध्ये झालेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने एक व्याख्या मंजूर केली आहे आणि ती वापरण्याजोगी आहे. तिचा गाभा असा: काम दुसऱ्यांसाठी हवं, बिनपगारी हवं, सक्तीचं नसावं, आणि ठरावीक कालावधीत (सहसा चार आठवडे) निदान एक तास तरी केलेलं असावं. स्वतःच्या घरासाठी किंवा वेगळ्या राहणाऱ्या नातलगांच्या घरासाठी केलेलं काम यात येत नाही. संस्थेमार्फत केलेलं आणि थेट दुसऱ्या कुटुंबासाठी केलेलं, दोन्ही येतं.

वाद होतो तो काठावरच्या उदाहरणांवर. म्हणून व्याख्येखाली ती उदाहरणं नावानिशी लिहा आणि प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ असा निर्णय द्या. रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘उमुगांडा’ नावाचं सामुदायिक श्रमदान होतं. 18 ते 65 वयाच्या नागरिकांवर ते बंधनकारक आहे आणि न येणाऱ्याला दंड होऊ शकतो. समाजाला त्याचा कितीही उपयोग होवो, वरच्या कसोटीवर ती स्वयंसेवा ठरत नाही. न्यायालयाने शिक्षा म्हणून दिलेली समाजसेवा आणि सैनिकी सेवेऐवजी करावी लागणारी नागरी सेवाही ठरत नाही. कंपनीने पगारी वेळेत पाठवलेले कर्मचारी वृक्षारोपण करून आले, तर ते चांगलंच. पण मोजणीच्या दृष्टीने तो नोकरीचा भाग.

विद्यार्थ्यांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. भारताच्या राष्ट्रीय सेवा योजनेत (सुरुवात 1969) विद्यार्थी वर्षाला 120 तास याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करतो, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. त्यात नाव घालणं ऐच्छिक असेल तर ती स्वयंसेवा. तेच तास पदवीसाठी अनिवार्य केले तर तो अभ्यासक्रम. माझ्या मते अनिवार्य सेवेला विरोध करण्याचं कारण नाही, फक्त तिचे तास ‘देशातली स्वयंसेवा वाढली’ म्हणून दाखवू नयेत.

पायरी 2: मोजा, पण प्रश्न जपून विचारा

श्रम संघटनेने 2011 मध्ये स्वयंसेवेच्या मोजणीची पुस्तिका काढली. तिचा मार्ग स्वस्त आहे: नवं सर्वेक्षण उभारण्यापेक्षा देशात नियमित होणाऱ्या श्रमशक्ती सर्वेक्षणाला आठ-दहा प्रश्नांची पुरवणी जोडा.

प्रश्नात ‘स्वयंसेवा’ हा शब्द टाळलेला बरा. शेजारच्या आजींना दवाखान्यात नेणारी बाई स्वतःला स्वयंसेविका म्हणत नाही, आणि ‘तुम्ही स्वयंसेवा करता का?’ या प्रश्नाला ती सरळ ‘नाही’ म्हणते. त्याऐवजी कृती विचारा: गेल्या चार आठवड्यांत घरच्यांखेरीज कोणासाठी पैसे न घेता काही केलंत का? कोणाची मुलं सांभाळलीत, कागदपत्रं भरून दिलीत, सामुदायिक स्वयंपाकाला हात लावलात? मग तास, मग संस्थेमार्फत की थेट.

असं विचारलं की चित्र पालटतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2022 च्या जागतिक अहवालातला अंदाज असा, की 15 वर्षांवरील सुमारे 86 कोटी लोक दर महिन्याला स्वयंसेवा करतात. लोकसंख्येच्या 14.3 टक्के लोक ती अनौपचारिक, म्हणजे थेट माणसामाणसांत करतात आणि जेमतेम 6.5 टक्के संस्थांमार्फत. फक्त नोंदणीकृत संस्थांची आकडेवारी गोळा करणाऱ्या देशाच्या नजरेतून मोठा हिस्सा निसटतो.

या तासांचं पैशातलं मूल्य काढता येतं. तेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं असतं तर किती खर्च आला असता, हा हिशेब. तो काढा, पण जाहीर करताना सांभाळा. ‘स्वयंसेवकांमुळे इतके कोटी वाचले’ हे वाक्य अर्थखात्यात एकाच अर्थाने वाचलं जातं: तेवढा निधी कापता येईल.

पायरी 3: स्वयंसेवक आणि कामगार यांच्यात रेघ ओढा

कायद्याच्या बाजूने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

ब्राझीलने 1998 च्या कायद्यात हे थोडक्यात मिटवलं: स्वयंसेवक आणि संस्था यांच्यात लेखी संमतिपत्र हवं, त्यात कामाचं स्वरूप आणि अटी असाव्यात, त्यातून नोकरीचं नातं निर्माण होत नाही आणि संस्थेने मंजूर केलेला खर्च परत मिळतो. स्पेनच्या 2015 च्या कायद्यात लेखी कराराबरोबर खर्चाची भरपाई आणि विमा हे स्वयंसेवकाचे हक्क म्हणून आले. अमेरिकेत खासगी नफ्याच्या कंपनीला स्वयंसेवक ठेवताच येत नाही. तिथे काम केलं की किमान वेतन लागू. एखाद्या सरकारी कार्यालयातला कर्मचारी त्याच कार्यालयात त्याच प्रकारचं काम ‘स्वयंसेवा’ म्हणूनही करू शकत नाही. ही तरतूद सहज पटत नाही, पण ती नसती तर वरिष्ठाने ‘आज जरा सेवा म्हणून थांब’ म्हणायला वेळ लागला नसता.

पैशांचा प्रश्न तपशिलात सोडवावा लागतो. श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार खर्चापोटी किंवा निर्वाहासाठी थोडी रक्कम दिली तरी माणूस स्वयंसेवक राहतो, मात्र ती स्थानिक बाजारातल्या वेतनाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी हवी. अमेरिकी श्रम खातं सरकारी संस्थांमधल्या स्वयंसेवकांना मिळणाऱ्या नाममात्र मोबदल्यासाठी, त्याच कामाच्या पगारी माणसाला द्याव्या लागणाऱ्या वेतनाच्या 20 टक्क्यांची मर्यादा धरतं. इटलीची 2017 ची संहिता आणखी कडक: प्रत्यक्ष झालेलाच खर्च द्यायचा, ठोक रक्कम नाही. पावतीऐवजी स्वतःचं लेखी निवेदन चालतं, पण दिवसाला 10 युरो आणि महिन्याला 150 युरोपर्यंतच.

मला इटलीचा विचार बरा वाटतो. ठोक रक्कम सुरुवातीला सोयीची असते, मग ती ठरावीक तारखेला येऊ लागते, मग कोणाचं तरी घर तिच्यावर चालू लागतं, आणि तिथून पुढे तो पगारच असतो. मात्र पावत्यांचा नियम करताना दोन गोष्टी विसरू नका. खर्च महिनाअखेरची वाट न पाहता आठवड्यात परत द्या, आणि गरज असेल त्याला आगाऊ द्या. नाहीतर खिशात पैसे असलेली माणसंच स्वयंसेवक होतात.

याची दुसरी बाजू भारतात दिसते. 2005 मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातल्या आशा कार्यकर्त्या अधिकृतपणे मानद स्वयंसेविका. लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण अशा कामागणिक त्यांना मोबदला मिळतो. कामाचा रेटा रोजचा आणि नोंदवह्यांचा हिशेब वरपर्यंत, त्यामुळे कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्यांची आंदोलनं होत राहिली आहेत. अंगणवाडी सेविकांचं पदही कागदोपत्री मानद आणि मिळतं ते मानधन. तरी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू होते असा निकाल दिला.

तेव्हा कोणतीही ‘मानद’ भूमिका मंजूर करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. वेळापत्रक कोण ठरवतं? ठरावीक आकडा पूर्ण करावा लागतो का? न आल्यास काही कापलं जातं का? उद्या हे काम थांबलं तर सार्वजनिक सेवा कोलमडेल का? तीन उत्तरं कामगाराच्या बाजूने आली तर पद निर्माण करा आणि पगार द्या. इथे स्वयंसेवेचं नाव वापरणं म्हणजे मजुरी बुडवणं.

बेरोजगार भत्ता किंवा अपंगत्वाचं निवृत्तिवेतन घेणारा माणूस स्वयंसेवा करू लागला तर त्याचा भत्ता थांबणार नाही, हेही नियमात स्पष्ट लिहा. ते लिहिलेलं नसतं म्हणून वेळ असलेली कितीतरी माणसं बाहेर राहतात.

पायरी 4: अपघात झाला तर कोण भरणार

तीन वेगळे धोके आहेत आणि त्यांची सरमिसळ नेहमी होते: स्वयंसेवकाला झालेली इजा, स्वयंसेवकाकडून दुसऱ्याचं झालेलं नुकसान, आणि स्वयंसेवकाने जाणूनबुजून केलेला गैरप्रकार.

पहिल्यासाठी जर्मनीत अनेक प्रकारच्या मानद कामांना वैधानिक अपघात विम्याचं छत्र आहे. जपानमध्ये स्थानिक समाजकल्याण परिषदांमार्फत स्वयंसेवकांसाठी स्वस्त विमा मिळतो; आपत्तीच्या ठिकाणी निघण्यापूर्वी आपल्याच गावी तो काढून जावं, अशी तिथली शिस्त. प्रत्येक छोट्या संस्थेने एकेकटी पॉलिसी घेण्यापेक्षा महासंघाने किंवा प्रांताने गट विमा घेतला तर हप्ता परवडतो आणि कागदपत्रंही कमी होतात.

दुसऱ्यासाठी अमेरिकेने 1997 मध्ये स्वयंसेवक संरक्षण कायदा केला. बिगरनफा संस्थेसाठी नेमून दिलेलं काम करताना साधी चूक झाली तर स्वयंसेवकावर व्यक्तिशः भरपाईचा बोजा येत नाही. घोर निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर केलेलं कृत्य यातून वगळलं आहे, आणि मोटार वाहनही. हा शेवटचा अपवाद लक्षात ठेवा. स्वयंसेवक स्वतःच्या गाडीतून रुग्ण नेत असेल तर त्याची वाहन विमा कंपनी हा वापर मान्य करते का, हे लेखी विचारून घ्या.

तिसऱ्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी. ब्रिटनमध्ये अशी सरकारी तपासणी पगारी कर्मचाऱ्यासाठी सशुल्क आहे, स्वयंसेवकासाठी मोफत. शुल्क माफ करणं हा सरकारला करता येण्याजोगा अत्यंत सोपा आणि परिणामकारक आधार आहे. पण कोरा दाखला म्हणजे आजवर पकडला गेलेला नाही, एवढंच. लहान मुलं, वृद्ध, अपंग व्यक्ती यांच्यासोबत एकट्या स्वयंसेवकाने बंद खोलीत काम करायचं नाही, हा नियम दाखल्यापेक्षा जास्त संरक्षण देतो. खाजगी फोन नंबर आणि घरच्या भेटी यांनाही तोच न्याय.

स्वयंसेवकावरही अन्याय होऊ शकतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या भारताच्या 2013 च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही धरलेली आहे. तुमच्या देशात अशी तरतूद नसेल तर संस्थेच्या नियमावलीत ती घाला, आणि तक्रार समन्वयकाविरुद्ध असेल तर ती कोणाकडे जाईल त्याचं नाव त्यात असू द्या.

पायरी 5: मधला मजला बांधा

वर मंत्रालय आणि खाली संस्था, एवढ्यावर देशाची स्वयंसेवा चालत नाही. मध्ये स्थानिक केंद्र लागतं, जिथे माणूस चालत येऊन ‘मला शनिवारी तीन तास आहेत’ म्हणू शकेल आणि संस्था ‘आम्हाला हिशेब लिहिणारं कोणी हवंय’ म्हणू शकेल.

वाटणी साधारण अशी ठेवावी. राष्ट्रीय पातळीवर कायदा, विम्याचा आराखडा, मोजणी आणि पैसा. फिलिपिन्सने 2007 च्या स्वयंसेवक कायद्याने राष्ट्रीय समन्वयाचं काम एका स्वतंत्र सरकारी यंत्रणेकडे दिलं आहे. प्रांताकडे समन्वयकांचं प्रशिक्षण आणि लहान संस्थांना कायदेशीर सल्ला. स्थानिक केंद्राकडे माणसं आणि कामं. लोकांना कामावर पाठवण्याचा अधिकार राष्ट्रीय यंत्रणेकडे ठेवू नका. राजधानीतून गल्ली दिसत नाही.

केंद्राचा पैसा कुठून आणायचा? इटलीने याचं चांगलं उत्तर काढलं. 1991 च्या कायद्यापासून तिथल्या बँकांशी निगडित प्रतिष्ठानांच्या निधीतून स्वयंसेवा सेवाकेंद्रं चालतात, म्हणजे दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावं लागत नाही. असा स्रोत नसेल तर निदान तीन ते पाच वर्षांचं अनुदान मागा, आणि ते समन्वयकाच्या पगारासाठी मागा. देणगीदारांना उपक्रमांना पैसे द्यायला आवडतं, टेबलामागच्या माणसाला नाही. ते टेबल रिकामं झालं की उपक्रमही संपतो, हे अर्जातच लिहा.

पायरी 6: आधी काम, मग माणूस

संस्थेच्या पातळीवरचा हा भाग. ‘स्वयंसेवक हवेत’ अशी जाहिरात देण्यापूर्वी प्रत्येक भूमिकेसाठी एका पानाचा कागद करा: काम काय, कुठे, आठवड्याला किती तास, किती महिने, काय येणं गरजेचं, काय शिकवू, कोणाला विचारायचं, कोणता खर्च मिळेल. हा कागद लिहिता येत नसेल तर ते काम अजून तयार नाही.

पहिली भेट दोन्ही बाजूंनी नकार देता येईल अशी ठेवा. मग चार-सहा आठवडे चाचणीचे, त्यात कोणा जुन्या स्वयंसेवकाची सोबत आणि शेवटी बसून बोलणं. सोडून जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण याच काळात जातात, आणि कारण बहुधा एकच: ‘मी गेले, पण मला काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.’

वेळेचे तुकडे लहान करा. ठरावीक शनिवार दोन वर्षं देणारा माणूस आता विरळा आहे. एका कागदपत्रांच्या दिवसासाठी येणारे, घरून भाषांतर करून देणारे, वर्षातून एकदा लेखापरीक्षणाला मदत करणारे, यांनाही भूमिकेचा कागद द्या. अपंग व्यक्तींना घेताना ‘काय जमणार नाही’ यापासून सुरुवात करू नका. काय बदललं तर जमेल, ते विचारा.

पायरी 7: आपत्तीसाठी वेगळी तयारी

17 जानेवारी 1995 रोजी कोबेत भूकंप झाला आणि पुढच्या वर्षभरात 13 लाखांहून अधिक लोक मदतीला आले. बहुतेकांचा कोणत्याही संस्थेशी संबंध नव्हता. जपानमध्ये ते साल स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणून ओळखलं जातं, आणि 1998 मध्ये छोट्या नागरी संस्थांना कायदेशीर ओळख सोपी करून देणारा कायदा झाला. तिथली आजची पद्धत उचलण्याजोगी आहे. आपत्तीनंतर स्थानिक समाजकल्याण परिषद स्वयंसेवक केंद्र उघडते. एका टेबलावर रहिवाशांच्या गरजा लिहून घेतात, दुसऱ्यावर आलेल्यांची नावं आणि विमा. मग गट पाडून काम, नकाशा आणि अवजारं देतात, आणि संध्याकाळी परत आल्यावर काय राहिलं ते नोंदवतात. जेवण आणि मुक्काम स्वयंसेवकाने स्वतः आणायचा, आपत्तीग्रस्त गावावर त्याचा भार टाकायचा नाही.

न बोलावता येणारी माणसं थांबवता येत नाहीत. म्हणून हे केंद्र कुठे उघडेल, किल्ली कोणाकडे, फावडी आणि हातमोजे कुठे, याचं उत्तर आपत्तीच्या आधी तयार हवं, आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम.

प्रशिक्षित दलांचं गणित निराळं. जर्मनीची 1950 मध्ये स्थापन झालेली संघराज्य तांत्रिक मदत यंत्रणा जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालते. मोहिमेच्या काळात स्वयंसेवकाला पगारी सुटी मिळते आणि तो पगार सरकार मालकाला भरून देतं. मालकाचा खिसा सांभाळला म्हणून पूर आलेल्या मंगळवारी सकाळी माणसं हजर होतात. ऑस्ट्रेलियात 2019-20 च्या वणव्यांत ग्रामीण अग्निशमन स्वयंसेवकांचे आठवडेच्या आठवडे बुडाले, तेव्हा सरकारला घाईने दिवसाला 300 डॉलरपर्यंत, एकूण 6,000 डॉलरच्या मर्यादेत भरपाई जाहीर करावी लागली. ही तरतूद वणव्याच्या आधीच असायला हवी होती. भारतात 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘आपदा मित्र’ योजनेने पूरप्रवण जिल्ह्यांतल्या स्थानिकांना बचावकार्याचं प्रशिक्षण देण्यापासून सुरुवात केली. प्रशिक्षणाइतकीच उजळणी महत्त्वाची. दोन वर्षांपूर्वी शिकलेली दोरीची गाठ अंधारात आठवत नाही.

पायरी 8: कौतुक आणि पोर्टल

दोन्हींवर गरजेपेक्षा जास्त शक्ती खर्च होते. 5 डिसेंबर हा 1985 पासून आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे, आणि 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. समारंभ करायचा असेल तर करा. तरुणाला शालीपेक्षा उपयोगी पडतं ते कामाचं आणि शिकलेल्या कौशल्याचं नेमकं वर्णन करणारं, सही असलेलं पत्र.

नावनोंदणीचं ऑनलाइन पोर्टल सगळ्यात शेवटी. स्थानिक केंद्रं चालू झाल्यावर त्यांच्या वह्यांमध्ये जे रकाने आपोआप तयार झाले असतील, त्यांवरून ते बांधा. माहिती लागेल तेवढीच मागा, आणि वर्षभर न आलेल्याची माहिती पुसून टाका. फोन नसलेल्यांसाठी टेबल चालूच ठेवा.

पायरी 9: आढावा कशाचा घ्यायचा

नोंदणीचा आकडा मंत्र्यांना आवडतो आणि त्यातून काहीच कळत नाही. दर तिमाहीला या गोष्टी पाहा: नाव नोंदवल्यापासून पहिलं काम मिळेपर्यंत किती दिवस गेले, सहा महिन्यांनी किती टिकले, खर्चाची भरपाई किती दिवसांत झाली, किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, कोणते गट येतच नाहीत. ज्यांच्यासाठी काम चाललं आहे त्यांनाही विचारा. स्वयंसेवक खूश आणि आजोबा कंटाळलेले, असंही असतं.

सोडून गेलेल्यांना महिन्याभराने फोन करा. सोडताना माणूस ‘वेळ मिळत नाही’ एवढंच सांगतो, महिन्याभराने खरं कारण सांगतो. हे फोन त्याच समन्वयकाने करू नयेत. शेजारच्या केंद्राच्या समन्वयकाकडे यादी द्या, आणि त्याची यादी आपण घ्या.